रस्ता पलीकडून आहे

निफाडचं नाव महाराष्ट्राच्या बातम्यांत दरवर्षी दोनदा हमखास येतं. थंडीत पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान छापून येतं, आणि कांदा घसरला की लासलगाव बाजार समितीतला भाव. घसरण्याखेरीज आमच्या तालुक्यात काही घडतच नाही, असा बाहेरच्यांचा समज झाला असेल तर त्यांना दोष देता येत नाही. जी गोष्ट इथं बारा महिने तेरा त्रिकाळ चालू असते ती छापून येत नाही, कारण तिच्यात बातमी अशी काही नाही. ती म्हणजे शेतात जायच्या रस्त्याचं भांडण.

कुठल्याही शिवारात जा आणि पहिला भेटेल त्या माणसाला विचारा, "दादा, वरच्या मळ्याकडं रस्ता कुठून आहे?" तो हात लांब करून शेजाऱ्याचा गट दाखवील. "पलीकडून आहे." पलीकडं गेलात की तिथला माणूस तितक्याच ठामपणे तुम्ही आलात तीच दिशा दाखवील. दोघंही खोटं बोलत नसतात. रस्ता आहे, यावर दोघांचं पूर्ण एकमत असतं. तो आपल्यातून नाही, यावरही एकमतच असतं. इतकं एकमत असूनही दावा उभा राहतो, ही आमच्या मातीची सुपीकता.

पूर्वी ही भांडणं नव्हती, असं जुनी माणसं सांगतात. जुन्या माणसांच्या हिशेबानं पूर्वी वाईट असं काहीच नव्हतं, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून देऊ. उरलेल्या निम्म्यात तथ्य आहे. बाजरी, गहू, हरभरा होता तेव्हा पेरणी सगळ्यांची एका सुमारास, काढणीही एका सुमारास. रानं मोकळी झाली की बैलगाडी कोणाच्याही वावरातून आडवी निघायची आणि कोणी हरकत घेत नसे, कारण हरकत घ्यायला वावरात काही उरलेलंच नसे. मग द्राक्षं आली. द्राक्षाचा वेल एकदा लावला की वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. लोखंडी अँगल, तारांचा मांडव, खाली ठिबकच्या नळ्या. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी आणि मधल्या काळात डाऊनी, भुरी असले रोग, शिवाय अवकाळी. रात्री पावसाची सर पडली तर पहाटे फवारणीचा ब्लोअर बागेत पोचलाच पाहिजे. बैलगाडी एक दिवस थांबायची. डाऊनी थांबत नाही.

आता गंमत पाहा. हाच बागाईतदार स्वतःच्या बागेत दोन ओळींमध्ये नऊ-दहा फूट जागा सोडतो, कारण ट्रॅक्टर फिरला पाहिजे. एकरभर बागेत असे वीस रस्ते तर सहज होतात. हे वीसच्या वीस तो स्वखुशीनं काढतो, त्यातलं तण काढतो, त्यांची निगा राखतो. एकविसावा रस्ता, तोही कडेनं, तोही शेजाऱ्यासाठी काढायचा म्हटलं की जमीन एकदम कमी पडते. "आमचंच भागत नाही हो," असं तो म्हणतो आणि ते म्हणताना त्याचा आवाज खरोखर कातर होतो.

रस्त्याची खरी किंमत फेब्रुवारी-मार्चमध्ये कळते. व्यापारी बाग बघायला येतो तो आधी मणी बघत नाही, साखर मोजत नाही. गाडी कुठपर्यंत लागते, ते बघतो. बागेच्या तोंडाशी लागत असेल तर माल चांगला. तीन बांध ओलांडून डोक्यावरून क्रेट वाहायचे असतील तर मण्याची फुगवण कमी निघते, रंग पिवळट दिसायला लागतो आणि भाव उतरतो. रस्ता नसलेल्या बागेतली द्राक्षं आंबट असतात, हे कोल्ह्याच्याही आधी व्यापाऱ्यांना कळलेलं होतं. सोयरिकीचंही तसंच. मुलीकडची मंडळी मळ्यातल्या घरी स्थळ बघायला येतात. गाडी डांबरी सडकेला लावून, धोतरं आणि साड्या वर धरून अर्धा मैल काळ्या चिखलातून चालत आलेला मामा मुलाच्या पदवीबद्दल काहीही विचारत नाही. पाय धुवायला पाणी मागतो आणि "कळवतो" म्हणतो. बांधावर आडवा उभा असलेला शेजारी हे सगळं समाधानानं बघत असतो.

भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा माणूस करत नाही, पाऊस करतो. काळ्या जमिनीत जुलैमध्ये ट्रॅक्टर गेला की चाकोऱ्या पडतात. पुढचा ट्रॅक्टरवाला चाकोरी चुकवायला वीतभर बाजूनं जातो, त्याच्या पुढचा आणखी वीतभर. दिवाळीपर्यंत रस्ता चालत चालत दुसऱ्याच्या कांद्यात गेलेला असतो. मग कांदेवाला नांगरटीच्या वेळी एक तास जास्तीचं घालून तो परत ढकलतो. दरवर्षी दोन्ही बाजूंनी एकेक तास जास्तीचं घातलं गेलं की मधला बांध रोडावत जातो. ज्या बांधावरून आजोबांची बैलजोडी जायची, त्यावरून वडील एकटे जायचे, आता मुंगूस जातं आणि तेही अंग चोरून.

यानंतर प्रकरण रीतसर पायऱ्यांनी चढतं. पहिल्या पायरीवर रस्त्यात बाभळीची फांदी येते. विचारलं तर ती वाऱ्यानं आलेली असते. दुसऱ्या पायरीवर शेणखताचा ढीग पडतो, तो तात्पुरता असतो आणि पुढची तीन वर्षं तात्पुरताच राहतो. तिसरी पायरी म्हणजे पाइपलाइनची चारी. ती बुजवायचीच असते, फक्त माणसं मिळत नाहीत. चौथ्या पायरीला वृक्षारोपण. बरोब्बर रस्त्याच्या मध्यावर चार आंब्याची रोपं लागतात आणि एरवी बांधावरची बाभूळ मुळासकट उपटणारा हा माणूस पर्यावरणावर बोलू लागतो. पाचवी पायरी अखेरची. एका अमावास्येनंतर रस्त्यातल्या दगडाला शेंदूर लागलेला दिसतो आणि म्हसोबा प्रकट होतो. अतिक्रमण हटवता येतं, म्हसोबा हटवता येत नाही. हटवायला आलेला जेसीबीवालाच आधी नारळ फोडतो आणि मग मशीन मागं घेतो.

अबोला अर्थात पहिल्याच पायरीला धरलेला असतो. पण आमच्याकडचा अबोला व्यवहार सांभाळून असतो. दोघांच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर असतात. डीपी जळाली की दोघं एकाच मोटारसायकलवर वीज कंपनीच्या कार्यालयात जातात, एका आवाजात तक्रार करतात, एका टपरीवर चहा पितात, परत येऊन आपापल्या बांधावर उतरतात आणि पुन्हा बोलणं बंद. रात्रीच्या लाइटीला पाणी भरताना उसात काही खसफसलं तर अंधारातून आवाज येतो, "आबा, बिबट्या आहे बरं का, बॅटरी आणली ना?" आबाही "हो रे" म्हणतात. सकाळी आबा त्याच माणसाविरुद्ध अर्जावर सही करायला निघतात.

बिबट्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. गोदाकाठच्या उसातून तो रोज रात्री कोणाच्याही गटातून, कोणताही बांध ओलांडून जातो. त्याच्या वहिवाटीला आजवर कोणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात हजारो मैलांवरून पक्षी येतात. २०२० मध्ये त्या पाणथळीला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. तिथं उतरणाऱ्या बदकाला 'तू कोणाच्या गटावरून आलास' असं कोणी विचारत नाही. आमच्या तालुक्यात जाण्यायेण्याची अडचण आहे ती फक्त खातेदारांना.

अर्ज तहसीलदारांकडं जातो आणि तिथं कायद्याचा पहिला धडा मिळतो. दारं दोन असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली ते अडवलेला रस्ता मोकळा करून देऊ शकतात, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं. म्हणजे एका दारात 'मला रस्ताच नाही' म्हणून रडायचं आणि दुसऱ्या दारात 'माझा पूर्वापार रस्ता अडवला' म्हणून. अनुभवी अर्जदार दोन्ही दारांत एकाच आठवड्यात रडून येतात आणि मग समोरचा वकील दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून नुसता हसतो.

मग गावनकाशा निघतो. त्यात तुटक रेषांची एक जोडी असली तर गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकच तुटक रेष असली तर पायवाट, सव्वाआठ फुटांची. ही आकडेमोड विचित्र वाटते, पण तिच्यामागं जुन्या मोजणीची साखळी आहे. ती ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. ३३ फूट लांब नि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. त्या हिशेबानं पायवाट चार आण्यांची आणि गाडीरस्ता निदान आठ आण्यांचा. रुपयातले आणे १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा हिशेबातून उठले, शिवारातले उठले नाहीत. नकाशावर आठ आण्यांचा असलेला रस्ता जागेवर बघायला जावं तर हातात दोन आणेही येत नाहीत, आणि उरलेल्या सहा आण्यांवर कोणाचा ना कोणाचा लसूण उभा असतो.

जागेवर बघण्याच्या कार्यक्रमाला स्थळपाहणी म्हणतात. गावाला करमणुकीची साधनं कमी असल्यानं तिला गर्दी चांगली होते. मंडळ अधिकारी येतात, तलाठी येतात. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण एवढं मोठं नाव घेऊन हाक मारेपर्यंत ते मोटारसायकलवर बसून निघून जातात, म्हणून लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात. ज्या पट्ट्यावरून काल ट्रॅक्टर गेला, तिथं आज दोन पानांवर आलेली मेथी डोलत असते. ती कधी पेरली, हे कोणालाच सांगता येत नाही. मग पंच जमतात आणि दोन्ही पक्षांनी आपला म्हणून आणलेला एकच म्हातारा साक्षीदार पुढं होतो.

"बाबा, हा रस्ता तुम्ही बघितलाय का?"

"बघितलाय म्हणजे? माझं वऱ्हाड गेलंय इथून."

अर्जदाराचा चेहरा फुलतो.

"नेमकं कुठून गेलं?"

"आता बैल होते भाऊसाहेब. जातील तिकडून गेले."

जाबदार खूश होतो.

"पण रस्ता असेलच ना काही?"

"होता की. उन्हाळ्यात इकडून, पावसाळ्यात तिकडून. आणि या दोघांच्या आज्यांचं वाजलं की खालच्या ओढ्यानं."

भाऊसाहेब लिहितात, 'सदर ठिकाणी वहिवाट दिसून येते.' नेमकी कुठं, ते लिहीत नाहीत. ते लिहिलं तर निकाल लागेल, आणि निकाल लावणं त्यांच्या अधिकारात नाही.

तहसीलदार निकाल देतात. कलम १४३ मध्येच लिहिलेलं आहे की शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाजवी वाट हवी, ही गरज त्यांनी ध्यानात घ्यावी. त्याच कलमात पुढं हेही लिहिलेलं आहे की निर्णय मान्य नसलेल्यानं एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा. पहिलं वाक्य अर्जदार वाचतो, दुसरं जाबदार. पोलीस बंदोबस्तात जेसीबी येतो, रस्ता मोकळा होतो, अर्जदार त्यावरून एकदा ट्रॅक्टर नेतो आणि एकदा आणतो, आणि प्रकरण कोर्टाची पायरी चढतं.

दिवाणी कोर्टात भेटतो १८८२ चा सुविधाधिकार कायदा. त्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क वहिवाटीनं मिळवायचा तर वीस वर्षं उघडपणे, शांततेनं, खंड न पडता आणि हक्क म्हणून त्या वाटेनं गेलेलं असावं लागतं. वीस वर्षं शांततेनं, ही अटच निफाड तालुक्यात जरा जास्त आहे. पण खरी मेख 'हक्क म्हणून' या शब्दांत आहे. तुम्ही जर शेजाऱ्याला "नाना, ट्रॅक्टर काढू का?" असं विचारून जात असाल आणि नाना "काढ की, विचारतो काय" म्हणत असतील, तर ती झाली परवानगी. परवानगीनं वीस काय, चाळीस वर्षं गेलात तरी वहिवाटीचा हक्क पदरात पडत नाही. न विचारता धटिंगणासारखा जात राहिलेला मनुष्य कायद्याच्या लेखी हक्कदार होतो, आणि वाकून विचारून जाणारा जन्मभर पाहुणा राहतो. आईबापांनी लावलेली चांगली वळणं माणसाला कोर्टात कशी नडतात, त्याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

गमतीचा भाग असा की ज्या निफाडात हे चालतं, तिथंच १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. ते १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्याआधी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या १८७९ च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केलं, आणि खेड्यातली भांडणं कोर्टात न जाता तडजोडीनं मिटावीत, असा त्या कायद्याचाही रोख होता. न्यायमूर्तींचा आम्हांला अभिमान आहे. त्यांच्यामुळं न्यायावरची आमची श्रद्धा इतकी वाढली की तडजोडीला कोणी वेळच देत नाही.

सरकारनंही हातपाय हलवले आहेत. २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाची शेत-पाणंद रस्त्यांची योजना आली. एकमेकांच्या नावावरची जमीन वर्षानुवर्षं कसणाऱ्या शेजाऱ्यांनी ती हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करावी, म्हणून २०२३ मध्ये आलेल्या योजनेचं नावच 'सलोखा' ठेवलं. आणि मे २०२५ मधला शासन निर्णय सांगतो की शेतरस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी. ही शेवटची गोष्ट कामाची आहे. बैलगाडीच्या मापाच्या वाटेवरून ब्लोअर आणि द्राक्षाची गाडी नेणं म्हणजे रोज भांडणाला आमंत्रण, हे उशिरा का होईना कागदावर आलं. निर्णयाची बातमी वाचून आबा आणि नाना दोघांनीही स्वतंत्रपणे मान डोलावली. "चांगलं झालं," दोघं म्हणाले, "आता तरी त्याला रस्ता द्यावा लागेल."

इथं या भांडणाचं मूळ हाती लागतं. रस्ता सगळ्यांनाच हवा असतो, पण तो आपल्या शेतापर्यंत यावा आणि तिथं संपावा. तीन वर्षं तारखा करून, वकिलाची फी भरून, म्हसोबाला दुसरीकडं नीट बसवून जो रस्ता मिळवतो, त्याच्याकडं दुसऱ्याच महिन्यात आतल्या गटातला शेजारी येतो आणि हळूच म्हणतो, "भाऊ, तुमच्यापर्यंत आलाच आहे, जरा पुढं सरकवू द्या की." तेव्हा कालपर्यंत 'शेतकऱ्याला शेतात जायला वाट नको का' म्हणून तहसीलच्या पायरीवर डोळ्यांत पाणी आणणारा हा मनुष्य नव्या जमीनमालकाच्या रुबाबात उभा राहतो. त्याला आपली जमीन एकदम मौल्यवान वाटू लागते आणि त्याच्या हातात कुठूनशी बाभळीची फांदी येते. याला मी दुष्टपणा म्हणणार नाही. चार-पाच फुटांच्या पट्टीतून असं काय पिकणार आहे? पण शेजाऱ्यानं रोज आपल्याकडून जावं आणि रोज थोडं आपल्या उपकारात राहावं, ही पट्टी सोडवत नाही. कागद झाला की उपकार संपतो. म्हणून तोंडी "जा की" म्हणणारा दिलदार माणूस सही मागितली की एकदम चष्मा शोधायला लागतो.

तेव्हा ज्यांचं शेजाऱ्याशी अजून बरं आहे, त्यांना एकच विनंती. आजोबांनी दिलेला शब्द आजोबांबरोबर जातो, नातू तो ओळखत नाहीत. भांडण झाल्यावर रस्त्याचा कागद होत नाही, फक्त अर्ज होतो. म्हणून बोलणं चालू आहे तोवर दोघांनी मिळून फूटपट्टी लावा, गट नंबर घालून संमतीपत्र लिहा, जमलं तर ते नोंदवा, आणि 'इतर हक्क' रकान्यात नोंद चढली की नाही ते सातबारा काढून डोळ्यांनी बघा. आपल्या आत आणखी कोणाचं शेत असेल तर त्याचंही नाव त्याच कागदात घाला. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की कोणालाच सवड नसते, म्हणून त्याआधी एखाद्या दुपारी शेजाऱ्याकडं चहाला जा आणि येताना सही घेऊन या.